त्रूव्हीलची वाळू

पॅरिसच्या सें-लाझार स्थानकात इंजिनाची वाफ काचेच्या छपराखाली कोंडली आहे आणि तुमच्या हातात त्रूव्हीलचं तिकीट आहे. साल 1870, महिना ऑगस्ट. फलाटावर टोप्यांचे गोल डबे, छत्र्यांचे जुडगे, पेटारे सांभाळणारे नोकर आणि त्यांच्यामागून निवांत चालणारी कुटुंबं. त्यांच्यातून वाट काढत वर्तमानपत्रं विकणारी पोरं ओरडत धावताहेत. 19 जुलैला फ्रान्सनं प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ऑगस्ट उजाडताच सीमेवरून पराभवाच्या बातम्या यायला लागल्या. सुट्टीवर निघालेली माणसं अंक विकत घेतात, उभ्या उभ्या वाचतात, घडी घालतात आणि डब्यात चढतात. तुम्हीही चढा.

गाडी सीन नदीचं खोरं मागे टाकते आणि नॉर्मंडीत शिरते. खिडकीबाहेर सफरचंदांच्या बागा, गुडघाभर गवतात उभ्या गाई, लाकडी तुळयांच्या चौकटींत माती भरून बांधलेली घरं. हा लोहमार्ग त्रूव्हीलपर्यंत पोहोचला तो 1863 साली. त्याच्या कितीतरी आधी, 1825च्या सुमारास, शार्ल मोझँ नावाचा चित्रकार इथे आला होता. तेव्हा हे मासेमारांचं खेडं होतं. चित्रकार आधी आले, त्यांची चित्रं पॅरिसला गेली, चित्रं पाहून पाहुणे आले आणि पाहुण्यांमागून हॉटेलं आली. तूक नदीच्या पलीकडच्या तीरावर दिसतं ते दोव्हील. सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ ड्यूक द मोर्नी यानं पाणथळ जमिनीवर गेल्या दहाएक वर्षांत ते उभं करवलं.

स्थानकातून बाहेर पडलात की आधी मासळीचा वास येतो. नदीच्या धक्क्याला होड्या लागल्या आहेत. तिथून थोडं चाललात की घरं संपतात आणि समोर पुळण उघडते. ओहोटीला इथलं पाणी फार दूर जातं, मागे रुंद, सपाट, ओलसर वाळू सोडतं. चाकांवरच्या लाकडी खोल्या घोडे जुंपून पाण्यात नेल्या जात आहेत. त्यांच्या आडोशानं अंगभर कपड्यांतल्या बायका समुद्रस्नान करतात, कारण डॉक्टरांनी ते औषध म्हणून सांगितलंय. पण बहुतेकजणी पाण्याकडे फिरकतही नाहीत. त्या गवती बैठकीच्या खुर्च्या वाळूत रोवून बसतात. हातात छत्री, डोक्यावर टोपी, टोपीवरून उतरलेली जाळी. उन्हानं रापलेला चेहरा हे इथे कष्टकऱ्यांचं लक्षण समजतात.

आता त्या माणसाकडे बघा. सेहेचाळीस वर्षांचा, पांढरट दाढीचा, आभाळाकडे सारखी नजर लावणारा. हा यूजेन बूदँ, जवळच्याच ओंफ्लरच्या एका खलाशाचा मुलगा. तरुणपणी त्यानं समोरच्या ल आव्र बंदरात कागद-रंगांचं आणि फ्रेमा करून देण्याचं दुकान चालवलं. ल आव्रमधल्याच एका फ्रेमवाल्याच्या दुकानात पुढे त्याची समुद्रचित्रं टांगलेली असत आणि तिथेच एका शाळकरी पोराची व्यंगचित्रं लागत. गावातल्या प्रतिष्ठितांची नाकं लांब करून तो पोरगा पैसे कमवत असे. बूदँनं त्याला गाठलं आणि रंगांची पेटी घेऊन उघड्यावर चल म्हणून मागे लागला. पोरगा बरेच दिवस टाळत राहिला, मग एकदा गेला. तो पोरगा क्लोद मोने.

बूदँ 1862पासून त्रूव्हीलच्या किनाऱ्यावरची ही श्रीमंत गर्दी रंगवतो आहे. 1863 साली खुद्द सम्राज्ञी यूजेनी आपल्या परिवारासह याच वाळूवरून चालली, तेही त्यानं रंगवलं. त्याच्या चित्रांत माणसं लांब असतात. खाली वाळूची पट्टी, तिच्यावर घेरदार झग्यांची आणि काळ्या कोटांची एक ओळ आणि वर अर्ध्याहून जास्त कॅनव्हास व्यापणारं आभाळ. चेहरे त्याला नकोच असतात. वारा कुठून वाहतोय हे मात्र त्याच्या प्रत्येक चित्रातून कळतं.

मोने आता एकोणतीस वर्षांचा आहे. तो समुद्रासमोरच्या भारी हॉटेलांत उतरलेला नाही. तिव्होली नावाच्या साध्या हॉटेलात त्याचं कुटुंब राहतंय. 28 जूनला त्यानं कामीय दोंसियोशी लग्न केलं. साक्षीदारांत चित्रकार गुस्ताव्ह कूर्बे होता. त्यांचा मुलगा जाँ आताच तीन वर्षांचा होतोय, म्हणजे लग्नाआधी बरीच वर्षं दोघं एकत्र होती. मोनेच्या वडिलांना हे नातं मान्य नव्हतं. ज्या आत्यानं त्याच्या शिक्षणाला हातभार लावला ती गेल्याच महिन्यात वारली. या वर्षीच्या सालोंत, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, त्यानं पाठवलेली चित्रं नाकारली गेली. परीक्षक मंडळातल्या दोबिन्यी या ज्येष्ठ निसर्गचित्रकारानं त्याची बाजू घेतली आणि कोणी ऐकेना तेव्हा राजीनामा दिला. हे नाव लक्षात ठेवा.

हे सगळं ठाऊक असताना समोर पाहा. वाऱ्याची सकाळ आहे. मोनेनं ईझल वाळूत रोवलंय आणि त्यावर लावलेला कॅनव्हास अगदी लहान आहे, 38 सेंटिमीटर उंच आणि 46.5 सेंटिमीटर रुंद. काखेत मारून हॉटेलावर नेता येईल एवढा. त्याच्या समोर हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ दोन बायका खुर्च्यांवर बसल्या आहेत. डावीकडे पांढऱ्या पोशाखात कामीय, टोपीवर फुलं, डोक्यावर छत्री. उजवीकडे काळ्या कपड्यांतली, मान खाली घातलेली दुसरी बाई. ती बहुधा बूदँची बायको. दोघींच्या मधली खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर काहीतरी लोंबतंय. अभ्यासक म्हणतात तो लहान मुलाचा बूट असावा. तसं असेल तर अनवाणी जाँ कुठेतरी जवळच वाळू उकरत असणार.

मोनेच्या पाठीशी उभे राहा. सावली कॅनव्हासवर पडू देऊ नका.

तो आधी रेखाटन करत बसत नाही. पेटीतून जस्तासारख्या करड्या, मऊ धातूच्या ट्यूबा काढतो आणि पॅलेटवर रंग पिळतो. या ट्यूबा 1841 साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं शोधल्या. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयात भरून ठेवत. पिशवीला भोक पाडून रंग काढायचा आणि भोक खिळ्यानं बुजवायचं. रंग सुकायचा, पिशवी फुटायची. चित्रकार उघड्यावर कच्ची टिपणं करायचे आणि खरं चित्र स्टुडिओत पुरं करायचे. मळसूत्री झाकणाच्या ट्यूबेनं सगळी रंगपेटी समुद्रकाठी आणता आली. आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट त्याच्या हातात आहे: पत्र्याच्या पट्टीनं दाबून चपटा केलेला, ताठ केसांचा ब्रश. गोल कुंचल्याची रेघ निमुळती होते, याचा फटकारा चौकोनी उमटतो. कामीयच्या पोशाखावर आता तोच फिरतोय.

बघा, कसा फिरतोय. शिशाचा पांढरा घट्ट असतो, लोण्यासारखा. मोने तो भरपूर घेतो आणि एका दमात वरून खाली ओढतो. कापडाची चुणी आणि ब्रशची रेघ इथे एकच होतात. सावलीत गेलेल्या कापडाला तो निळसर करडा लावतो. खालचा रंग ओला असतानाच वरचा चढतो आणि कडेला दोन्ही किंचित मिसळतात. काही ठिकाणी तो काहीच लावत नाही, कॅनव्हासवरचा मूळ फिका थर तसाच उघडा सोडतो आणि तोच वाळू म्हणून चालून जातो. आभाळ झरझर येतं, ढग त्याहून झरझर. मागच्या किनाऱ्यावरची माणसं दोन-चार ठिपक्यांत आटोपतात. कामीयच्या चेहऱ्यापाशी तो थांबेल असं तुम्हांला वाटतं. नवी नवरी आहे, हिच्या हिरव्या झग्यातल्या मोठ्या चित्रानं 1866च्या सालोंत त्याला नाव मिळवून दिलं. पण तो थांबत नाही. छत्रीची सावली चेहऱ्यावर पडली आहे, एवढंच तो रंगवतो. डोळे, ओठ यांना एक-दोन खुणा पुरतात.

बूदँ जवळ येऊन पाहत असेल तर त्याला इथे एक गोष्ट खटकेल किंवा चकित करेल. त्याच्या माणसांभोवती हवा असते, ऐसपैस जागा असते. मोनेनं खुर्ची इतकी पुढे ओढली आहे की बायकांचे झगे चित्राच्या कडेनं कापले जातात. पाहणारा किनाऱ्याकडे लांबून बघत नाही, तो तिसऱ्या खुर्चीवर बसल्यासारखा त्यांच्यात असतो. गुरूनं दाखवलेला किनारा तोच, गुरूनं शिकवलेलं आभाळ तेच. तरीही या एका पावलानं शिष्य वेगळ्या रस्त्याला लागला आहे. मला या चित्रातलं हे धाडस मोनेच्या पुढच्या कितीतरी प्रसिद्ध चित्रांहून मोठं वाटतं.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत येतो. कामीय छत्री दोन्ही हातांनी धरते. तुमच्या ओठांवर खार येते, दातांखाली कचकच होते, डोळे मिटावे लागतात. उघडता तेव्हा कॅनव्हासवरच्या ओल्या रंगात वाळूचे कण बसलेले असतात. शिंपल्यांचा चुराही. जाड लावलेला तैलरंग वाळायला दिवस लागतात, त्यामुळे जे पडलं ते रुततं. त्या दिवशी हा माणूस काय पुटपुटला असेल कोण जाणे. त्यानं ते कण वेचून काढले नाहीत, एवढं नक्की, कारण ते आजही तिथे आहेत. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या तज्ज्ञांनी चित्र सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं तेव्हा रंगात अडकलेली वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे स्वच्छ दिसले. चित्र किनाऱ्यावर बसून काढलं की खोलीत आठवून, हा वाद कलेच्या इतिहासात वारंवार येतो. इथे त्याला जागाच उरली नाही.

कोपऱ्यात तो आद्याक्षरांसारखी सही करतो आणि पुढे साल घालतो: 70. काळ्या कपड्यांतली बाई अजून मान खाली घालून आहे. कामीय समोर कुठेतरी पाहते आहे. तुम्हांला ठाऊक आहे की पूर्वेकडे सैन्यं एकमेकांवर तुटून पडली आहेत. चित्रात त्याचा मागमूस नाही. पुष्कळांनी यावरून मोनेला बेफिकीर ठरवलं. मी त्यांच्याशी सहमत नाही. हाताशी पैसा नाही, केव्हा सैन्यात ओढलं जाऊ याचा नेम नाही, बायको-मुलाला घेऊन कुठे जायचं ठरलेलं नाही, अशा माणसानं त्या उन्हाळ्यात त्रूव्हीलच्या किनाऱ्यावर एका पाठोपाठ चित्रं काढली. त्यांतली पाच किनाऱ्यावर बसलेल्या माणसांची आहेत. हातात जे काही दिवस उरले होते ते त्यानं कामाला लावले.

ऑगस्ट सरतो. आता दोन-चार उड्या मारायच्या आहेत, घट्ट धरून राहा.

2 सप्टेंबर. सेदाँला फ्रेंच सैन्य शरण गेलं, सम्राट कैद झाला. 4 तारखेला पॅरिसमध्ये लोकांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. 6 सप्टेंबरच्या रात्री तूक नदी ओलांडून दोव्हीलला चला. एका हॉटेलात डॉक्टर इव्हान्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याची पत्नी उतरली आहे. दंतवैद्यानं पॅरिसहून घोडागाडीतून एका बाईला गुपचूप तिच्याकडे आणलंय. अंधारात ती बंदराकडे निघते आणि ‘गझेल’ नावाच्या एका इंग्रजाच्या छोट्या शिडाच्या नौकेवर चढते. ही सम्राज्ञी यूजेनी. बूदँनं सात वर्षांपूर्वी जिला पलीकडच्या वाळूवर मिरवताना रंगवलं होतं, तीच. आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे: अवघ्या दहा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1869मध्ये, सुएझ कालव्याच्या उद्घाटनाला सगळ्या जहाजांच्या अग्रभागी हिचीच नौका होती. मुंबईहून युरोपला जाणारी वाट त्या कालव्यानं हजारो मैलांनी आखूड केली. आज तीच बाई वादळात खाडी पार करून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागते, आश्रय मागायला.

मोनेही काही आठवड्यांत त्याच दिशेनं जातो. लंडनमध्ये कामीय, जाँ आणि तो भाड्याच्या खोलीत राहतात. तिथे आधीच आलेला दोबिन्यी, तोच राजीनामा देणारा, त्याची गाठ पोल द्युराँ-र्युएल या पॅरिसच्या चित्रविक्रेत्याशी घालून देतो. द्युराँ-र्युएल युद्धामुळे आपला चित्रसंग्रह घेऊन लंडनला आला आहे. तो मोनेची चित्रं विकत घ्यायला लागतो, पुढे पिसारोची, रन्वारची, सिस्लेची. इम्प्रेशनिस्ट म्हणून जग ज्यांना ओळखतं त्या चित्रकारांची चूल बरीच वर्षं या एका माणसामुळे पेटत राहिली.

सगळेच निसटले नाहीत. मोनेचा जिवलग मित्र फ्रेदेरिक बाझीय, स्वतः ताकदीचा चित्रकार, अडचणीत मोनेला पैसे देणारा, ऑगस्टमध्येच सैन्यात भरती झाला. 28 नोव्हेंबर 1870 रोजी बोन-ला-रोलांदच्या लढाईत तो ठार झाला. एकोणतीस पूर्ण व्हायला आठवडा बाकी होता. पिसारो युद्धामुळे घर सोडून गेला होता; तो परतला तेव्हा त्याचं घर प्रशियन सैनिकांनी वापरलेलं होतं आणि त्यांनी त्याच्या पुष्कळ चित्रांची नासधूस केली होती. चिखलात पाय भरू नयेत म्हणून काही कॅनव्हास जमिनीवर पसरले होते. त्रूव्हीलचा हा 38 सेंटिमीटरचा तुकडा वाचला याला नशीबही म्हणावं लागेल.

आणखी नऊ वर्षं पुढे या. 5 सप्टेंबर 1879, सीनकाठचं व्हेतोय गाव. कामीय दीर्घ आजारानं गेली, बत्तीस वर्षांची. मोनेनं मृत्युशय्येवरची ती रंगवली. ते चित्र आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. चेहरा तिथेही धूसर आहे, निळ्या-जांभळ्या फटकाऱ्यांत बुडत चाललेला. पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी, बूदँनं मोनेला एका पत्रात तो त्रूव्हीलचा उन्हाळा आठवून लिहिलं. तिव्होली हॉटेल, बिचारी कामीय, वाळूत खेळणारा छोटा जाँ, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. बूदँ 1898च्या ऑगस्टमध्ये दोव्हीललाच वारला.

आता शेवटची उडी, लंडनला. 1923 साली सॅम्युअल कोर्टोल्ड या कापड उद्योजकानं आधुनिक फ्रेंच चित्रं घेण्यासाठी राष्ट्रीय संग्रहाला पन्नास हजार पौंड दिले. त्याच्या निधीतून 1924 साली हे चित्र घेतलं गेलं. ट्राफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात ते आहे आणि भोवती आता सोनेरी फ्रेम आहे. ती त्याला प्रतिष्ठा देते, भिंतीवर स्वस्थ बसवते. या स्वस्थपणानं पाहणाऱ्याची फसगत होते. दोन छत्र्या, निळं आभाळ, सुखवस्तू बायका, गोड चित्र आहे असं म्हणून माणसं चार सेकंदांत पुढे सरकतात, कारण त्यांना व्हॅन गॉघची सूर्यफुलं गाठायची असतात.

छापील पुस्तकात किंवा फोनच्या पडद्यावर तर हे चित्र दिसतच नाही असं मी म्हणेन. रंगाचा उंचसखलपणा तिथे सपाट होतो. पांढऱ्या पोशाखावरच्या फटकाऱ्याच्या कडेला रंगाची जी बारीक वरंबी उठली आहे, तिच्यावर दिव्याचा उजेड पडल्याशिवाय त्या हाताचा वेग कळत नाही. तैलचित्र ही वस्तू आहे, तिला जाडी आहे आणि ती ज्या हवेत तयार झाली त्या हवेतलं काहीबाही तिच्या अंगात राहतं.

लंडनला नातेवाइकांकडे, मुलांकडे जाणारी मराठी माणसं आता थोडी नाहीत. तुमचा दौरा ठरला की राजवाडा आणि पुलांच्या यादीत या चित्रासाठी एक सकाळ ठेवा. आधी चार पावलांवरून बघा, म्हणजे चौकोनी फटकाऱ्यांचं कापड होतं. मग संग्रहालय परवानगी देईल तितकं जवळ जा, म्हणजे कापडाचे पुन्हा फटकारे होतात. कोपऱ्यातलं साल वाचा. चित्र दुसऱ्या संग्रहालयाला उसनं दिलेलं नाही ना, हे निघण्याआधी गॅलरीच्या संकेतस्थळावर तपासा. कायमचा संग्रह पाहायला तिथे तिकीट लागत नाही.